सणाची ड्युटी

४ मे, सोमवार

कारखान्याची ही डायरी यांना जानेवारीत मिळाली होती. एकही पान लिहिलेलं नाही. दरवर्षी ते ती आमच्या मीनाला गणितं सोडवायला देत, यंदा द्यायची राहून गेली. मला लिहायची सवय नाही. पण आज नोकरीला लागले, तेव्हा थोड्या नोंदी असाव्यात असं वाटलं.

हे गेल्यामुळे नोकरी अनुकंपा तत्त्वावर मिळाली आहे. टाऊनशिपच्याच हॉस्पिटलात, नर्सिंग विभागात, मेट्रनच्या ऑफिसात सेक्रेटरी म्हणून. सहा महिने प्रोबेशनचे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेट्रन माझ्याबद्दल अहवाल पाठवतील, त्यावर कायम करायचं की नाही ते ठरेल. कायम झाले तर क्वार्टर राहील. नाही तर मीनाला घेऊन अकोल्याला दिरांकडे जावं लागेल. रवींद्रभावजींनी तेराव्यालाच सांगितलं, आमची मागची खोली आहे. चांगल्या मनानं म्हणाले. ती खोली मी पाहिली आहे.

मेट्रन मिसेस कुरियन केरळच्या. ठेंगण्या, चष्मा दोरीला बांधलेला. टाइपिंग येतं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, लग्नाआधी शिकले होते. त्यांनी मशीन माझ्याकडे सरकवलं. एका अर्जात बऱ्याच चुका झाल्या. त्यांनी कागद पाहिला आणि काही न बोलता फाईलला लावला. हे चांगलं की वाईट ते कळलं नाही.

१९ मे

काम समजत चाललं आहे. सिस्टर्सचे रजेचे अर्ज, युनिफॉर्मची मागणी, फोन, आणि सगळ्यात महत्त्वाचा ड्युटी चार्ट. कोणती सिस्टर कोणत्या वॉर्डात, सकाळ, दुपार की रात्र. मेट्रन तो पेन्सिलीनं करतात, मी त्याची टाइप करून स्टेन्सिल कापते, त्याच्या प्रती वॉर्डावॉर्डांत लागतात. चार्ट लागला की दोन दिवस ऑफिसात गर्दी असते. शिपाई दिगंबर म्हणतो, "बाई, पंगतीत पान कुठं मांडलंय यावर जेवढी भांडणं होतात, तेवढी जेवणावर होत नाहीत."

दिगंबर बऱ्हाणपूरचा, इथं वीस वर्षं आहे. गोष्टीवेल्हाळ आणि थोडा कामचुकार. सर्जिकल आणि बाळंतपणाच्या वॉर्डाचे कागद मलाच न्यायला लावतो. मेल मेडिकलचे, म्हणजे पुरुषांच्या वॉर्डाचे, मात्र माझ्या टेबलावरून उचलून स्वतः नेतो. तिथे चहा चांगला मिळत असावा.

हे गेले ते मेल मेडिकलमध्येच. खिडकीजवळची खाट.

२ जुलै

आज मेट्रननी माझं एक पत्र तीनदा परत केलं. तिसऱ्यांदा चूक माझी नव्हती, त्यांनीच वाक्य बदललं. तरी मी "सॉरी" म्हटलं. त्या म्हणाल्या, "सॉरी क्यों? टाइप करो." मला कुणी रागावलं तर चालतं, काहीच बोललं नाही की मग घरी जाऊन विचार करत बसते.

भावजींचं पत्र आलं. दिवाळीला येतो म्हणतात. पहिली दिवाळी आहे, घरी माणूस हवं. आणि तेव्हा पुढचं काय ते ठरवून टाकू.

२४ ऑगस्ट

सिस्टर प्रतिभा शितोळे यांच्या आई गेल्या. प्रतिभा ग्वाल्हेरच्या, लग्न केलेलं नाही, दोघीच राहत होत्या. मेल मेडिकलला असतात. तोंडानं तिखट. मला त्यांची जरा भीती वाटते. मे महिन्यात त्यांनी मला जिन्यात थांबवून विचारलं होतं, "जेवता का नीट?" मी हो म्हटलं. "दिसत तर नाही," म्हणाल्या आणि गेल्या.

मी भेटायला गेले. तीन-चार बायका आधीच बसल्या होत्या आणि त्यांना कशालाही हात लावू देत नव्हत्या. तुम्ही बसा, आम्ही करतो. प्रतिभा चटईवर बसून स्वयंपाकघराकडे बघत होत्या. माझ्याकडेही असंच झालं होतं. महिनाभर मला गॅसपाशी कुणी जाऊ दिलं नाही.

१२ सप्टेंबर

ओणम झाला. ऑफिसात एक नवी गोष्ट कळली. केरळच्या सगळ्या सिस्टर्स त्या दिवशी घरी होत्या आणि मराठी, हिंदी सिस्टर्सनी वॉर्ड सांभाळले. दिवाळीला उलट होतं. नाताळला पुन्हा उलट. कुठल्या नियमात नाही, कुणी अर्ज करत नाही. दिगंबर म्हणतो, "वाणासारखं आहे, बाई. घेतलं की द्यायचं." मला हे आवडलं. दुपारी सिस्टर लीलाम्मांनी केळीच्या पानात पायसम, म्हणजे त्यांची खीर, आणलं. ते ऑफिसात सांडलं आणि मेट्रनच्या रजिस्टरला मुंग्या लागल्या.

१२ ऑक्टोबर

मेट्रन आज भाचीच्या लग्नाला कोट्टायमला गेल्या. तेविसला येतील. दिवाळीच्या आठवड्याचा चार्ट पेन्सिलीनं करून माझ्याकडे दिला. "जैसा है, वैसा टाइप करना, मिसेस पिंगळे." डेप्युटी मेट्रन सही करतील.

त्यांनी हे काम माझ्यावर सोडलं म्हणजे थोडा विश्वास असेल. की दुसरं कुणी नाही म्हणून.

१३ ऑक्टोबर

चार्टमध्ये एक गोष्ट खटकली. पुष्कळशा हिंदू सिस्टर्सना लक्ष्मीपूजनाची सुट्टी आहे, आणि प्रतिभा शितोळेंना धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत रोज दुपारची ड्युटी. त्यांच्यापेक्षा खूप नव्या असलेल्या कुसुमला मात्र पाचही दिवस सुट्टी. आई जाऊन दोन महिनेही झाले नाहीत. ज्या घरात दुःख आहे त्या माणसानं पहिल्या सणाला आपल्या घरी, आपल्या माणसांत असावं. आमच्याकडे तर त्यासाठी नातेवाईक गावाहून येतात. मेट्रन ख्रिश्चन आहेत, त्यांना हे ठाऊक नसेल. आणि प्रतिभा मागून घेणाऱ्यांतल्या नाहीत.

दिवसभर स्टेन्सिल मशीनला लावून बसले. संध्याकाळी कापली. प्रतिभांना सुट्टी आणि कुसुमला मेल मेडिकल. सेवाज्येष्ठतेनंही हेच बरोबर होतं. डेप्युटी मेट्रननी न वाचता सही केली.

आयुष्यात पहिल्यांदा मी ऑफिसात स्वतःच्या मनानं काही केलं. भीती वाटते आहे, पण बरंही वाटतं आहे.

१५ ऑक्टोबर

चार्ट लागला. अकराच्या सुमारास कुसुम आली. हिचं माहेर उज्जैनचं. बाळ सहा महिन्यांचं, त्याची पहिली दिवाळी आजोळी व्हायची होती. रडली नाही, पण माझ्या टेबलावरचा पिनांचा डबा उघडझाप करत राहिली. मी तिला ज्येष्ठतेचं सांगितलं. ती म्हणाली, "पण प्रतिभाताईंनी दिली होती मला." मी म्हटलं, त्या मोठ्या मनाच्या आहेत, म्हणून आपण घ्यावी का? ती डबा बंद करून निघून गेली. मीच जिंकल्यासारखं झालं.

१६ ऑक्टोबर

प्रतिभा शितोळे दुपारची ड्युटी सुरू व्हायच्या आधी आल्या. दिगंबर खुर्ची द्यायला लागला तर त्यालाच बाहेर जायला सांगितलं.

"चार्ट कुणी बदलला?"

मी म्हटलं, मी.

"मी तुम्हाला म्हटलं होतं?"

मी म्हटलं, नाही, पण तुमच्या आईंची पहिली दिवाळी आहे, घरी असायला हवं असं मला वाटलं.

"घरी कोण आहे?" त्या म्हणाल्या. "पाच दिवस सगळ्या कॉलनीत दिवे लागणार, आणि मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात बसणार. शेजारणी येणार फराळाचं ताट घेऊन, तोंड वाकडं करून. मी त्यांच्यासमोर थोडं रडणार, म्हणजे त्यांना घरी जाता येईल. हेच हवंय ना तुम्हाला? वॉर्डात निदान कुणाला तरी पाणी हवं असतं, ताई."

त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. आवाज खाली आला होता. "कुसुमनं आईला पत्र टाकलं, येत नाही म्हणून. ते तरी थांबवायचं होतं."

त्या गेल्यावर मी तीन अर्ज टाइप केले. एकातही चूक झाली नाही, कसं कोण जाणे.

१७ ऑक्टोबर

दिगंबरनं सांगितलं ते आधी विचारलं असतं तर बरं होतं. इथली पद्धत अशी आहे की ज्या सिस्टरच्या घरी त्या वर्षी सण नाही, ती आपली सणाची सुट्टी दुसरीला देते. ज्या घरात लहान मूल असेल, नवं लग्न असेल, तिला. कुणाला द्यायची ते जिचं दुःख ती ठरवते. आणि जिला सुट्टी मिळाली ती, दुःखाच्या घरी तळण होत नाही म्हणून, आपल्या घरचा फराळ वॉर्डात पाठवते. घरी नाही, वॉर्डात. मेट्रनना हे सगळं ठाऊक आहे. पेन्सिलीचा चार्ट त्यांनी प्रतिभांना समोर बसवून केला होता.

दिगंबर म्हणाला, "बाई, तुम्ही वाईट नाही केलं. चांगलं केलं, तेच अंगाशी आलं."

डेप्युटी मेट्रनकडे गेले. सही झालेला चार्ट त्या बदलणार नाहीत, मेट्रन येतील तेव्हा बघतील. शिवाय मीच केलं हे त्यांनी कागदावर लिहून घेतलं. बरोबरच आहे.

अहवालाला आता दोन आठवडे राहिले. मीनाला काही सांगितलं नाही. ती विचारत होती, बारावीचे क्लास इथेच लावायचे ना.

२३ ऑक्टोबर

मेट्रन आल्या. मी स्वतःहून सगळं सांगितलं. हिंदीत नीट सांगता येईना, म्हणून रात्री वाक्यं पाठ केली होती, ती मध्येच विसरले. त्यांनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

"आपने प्रतिभा से पूछा था?"

"नहीं."

"क्यों नहीं?"

याचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं. मी म्हटलं, मला कुणी विचारलं नव्हतं. काय म्हणायचं होतं ते मलाही धड ठाऊक नव्हतं. म्हणजे, हे गेले तेव्हा सगळ्यांनी सगळं केलं, कुठे बसायचं, काय खायचं, कुठे जायचं नाही, आणि मला वाटलं असंच करायचं असतं.

मेट्रननी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाल्या, "तो मैं पूछती हूँ. दिवाली के दिन आप क्या करेंगी?"

मी म्हटलं, घरी दीर येणार आहेत.

"वो क्या करेंगे, मैंने नहीं पूछा."

त्यांनी पेन्सिल घेतली, कुसुमचं नाव खोडलं, प्रतिभांचं घातलं आणि दुरुस्तीची चिठ्ठी टाइप करायला दिली. रागावल्या नाहीत. म्हणजे अहवालात लिहितील. कुसुमला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती लगेच तारघराकडे गेली.

२४ ऑक्टोबर

सकाळी मेट्रनना म्हटलं की लक्ष्मीपूजनाला ऑफिस बंद असतं, पण भाजलेले पेशंट येतात आणि जास्तीच्या सिस्टर्सना क्वार्टरवरून बोलवायला कुणीतरी फोनवर लागतं. दरवर्षी दिगंबर बसतो. त्याच्या नातवाची पहिली दिवाळी आहे. मी बसले तर चालेल का?

त्या म्हणाल्या, त्याबद्दल जास्तीचं काही मिळणार नाही. मी म्हटलं, नको. मग चार्टच्या शेवटी एक ओळ मी स्वतः टाइप केली. ऑफिस, दुपारी दोन ते रात्री नऊ, श्रीमती श. पिंगळे. चार्टवर माझं नाव पहिल्यांदाच आलं.

दिगंबरला सांगितलं तर म्हणाला, "बघा, तुम्हीपण वाण दिलं." मग कपाटाकडे तोंड करून उगाच फाईली लावत बसला.

२५ ऑक्टोबर

भावजी आणि जाऊबाई आले. फराळाचे डबे आणले आहेत. ड्युटीचं सांगितलं तेव्हा भावजींचा चहा हातात राहिला.

"वहिनी, सणाच्या दिवशी घरात बाई नको?"

"सण नाहीच आहे, भावजी."

ते दुखावले. इतक्या लांबून आमच्यासाठी आले आणि मी बाहेर. त्यांचं चुकत नाही. दादा असता तर तुम्ही असं केलं असतं का, असं म्हणाले. नसतं केलं. मीना मध्ये बोलली, "काका, संध्याकाळी मी आहे ना." तिनं हे इतकं सहज म्हटलं की मला जरा आश्चर्य वाटलं.

२७ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

दोन वाजता ऑफिस उघडलं. मेट्रन एकदा डोकावून गेल्या. सहापर्यंत शांत. मग एका पाठोपाठ तीन जण आले, सुतळी बॉम्बनं हात भाजलेले. सर्जिकलनं आणखी एक सिस्टर मागितली. मी लीलाम्मांना फोन केला, त्या दहा मिनिटांत आल्या, घरच्याच साडीवर एप्रन घालून. इतकंच काम होतं, पण ते माझ्या फोननं झालं.

साडेसातला मेल मेडिकलहून फोन आला. प्रतिभा. "ताई, कुसुमचा फराळ आलाय. उज्जैनहून भावाच्या हाती धाडलाय, खूप आहे. इकडे येता, की मी तुमच्याकडे आणू? तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हटलं, येते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की सहा महिन्यांत मी त्या वॉर्डात गेलेच नव्हते. दिगंबरनं जाऊच दिलं नाही. हे त्याला इतके दिवस कसं जमलं कोण जाणे. मी उगाच त्याच्या चहाबद्दल लिहिलं.

टेलिफोन ऑपरेटरला, ऑफिसचे फोन मेल मेडिकलला जोड, असं सांगून खाली गेले. वॉर्ड तोच. भिंतींना रंग दिला आहे. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते, कारखान्याच्या फोर्ज शॉपमधून रिटायर झालेले. त्यांना चकली चावेना, म्हणून चहात बुडवून खात होते, आणि प्रतिभा त्यांना ओरडत होत्या की बाबूजी, तुमचं मीठ बंद आहे. ते म्हणाले, "साल में एक दिन, सिस्टरजी." "कल भी आप यही बोलेंगे," असं म्हणून त्यांनी अर्धी चकली काढून घेतली आणि अर्धी राहू दिली.

दोन स्टुलं होती. प्रतिभांनी विचारलं, "इथे टेबलाशी बसायचं, की तिकडे खिडकीशी?"

मी एक स्टूल उचललं. म्हटलं, खिडकीशी.

आम्ही अनारसे खाल्ले. खिडकीतून सेक्टरमधले दिवे दिसतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी फेब्रुवारीत तिथे होते तेव्हा पाठ खिडकीकडे असायची. बाबूजींनी विचारलं, मी नवी सिस्टर का. मी म्हटलं, नाही, ऑफिसात आहे.

नऊला घरी गेले. दारात मीनानं एकच पणती लावली होती. जाऊबाईंनी माझ्यासाठी भात गरम ठेवला होता, भावजीही जेवायचे थांबले होते.

३० ऑक्टोबर

भावजी आज निघाले. जाताना म्हणाले, मागच्या खोलीला एक शाळामास्तर भाडेकरू म्हणून विचारतो आहे. तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. ठेवू, की देऊ?

मी म्हटलं, द्या.

त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तेच म्हटलं. गाडी गेल्यावर स्टेशनावरच एका बाकावर बसले. अहवाल अजून गेलेला नाही, आणि चार्टचं प्रकरण डेप्युटी मेट्रननी माझ्याकडून लिहून घेतलेलं आहे. इतकी घाई करायला नको होती. पण शब्द परत घ्यावा असंही वाटत नाही.

४ नोव्हेंबर

सहा महिने झाले. मेट्रननी सकाळी एक पाकीट स्वतः बंद करून प्रशासनाकडे पाठवलं. दिगंबर घेऊन गेला. तो परत आला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं, तो म्हणाला, "बाई, माझ्याकडे काय बघता, पाकिटं मला वाचता येत नाहीत."

मेट्रन दिवसभर नेहमीसारख्या.

६ नोव्हेंबर

अजून काही कळलेलं नाही. उत्तर यायला महिना लागतो म्हणतात.

नाताळ जवळ आला की रजेचे अर्ज फार येतात, म्हणून मेट्रननी डिसेंबरचा चार्ट आत्ताच पेन्सिलीनं करून दिला. प्रतिभा नाताळला ड्युटीवर आहेत, लीलाम्मांच्या जागी. कुसुमही. अगदी शेवटी, चोवीस आणि पंचवीस तारखेच्या खाली, ऑफिसच्या ओळीत मेट्रननी लिहिलं आहे: मिसेस पिंगळे. आणि पुढे कंसात, पूछ लेना.

मेट्रनची गफलत झाली असावी. माझी मुदत परवाच संपली, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नसेल. सांगावं असं मनात आलं. मग म्हटलं, त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे, जसं असेल तसं टाइप करायचं.

मी स्वतःला विचारलं. चालेल, असं उत्तर आलं. कंस काढला आणि नाव टाइप केलं.